ज्येष्ठ नागरिक संघ कामाला कसा लावावा

नोव्हेंबरातली गोष्ट. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत डिसेंबरची सहल कुठे काढायची यावर तासभर खल चालला होता. तेवढ्यात दाराशी एक आजी आल्या. वय ७८. नवरा रेल्वेत गँगमन होता, त्याच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत तीन हेलपाटे झाले होते. आयुष्यभर राखेनं भांडी घासून बोटांवरच्या रेषा पुसल्या गेलेल्या, यंत्रावर अंगठा काही उमटेना आणि खिडकीतून उत्तर एकच, "उद्या या."

मोबाइलवर चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो. ती सोय २०२१ च्या नोव्हेंबरपासून आहे. पण बैठकीतल्या बारा-पंधरा जणांपैकी ती ठाऊक होती फक्त एकाला. त्यानं आपल्या फोनवर 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन ॲप उतरवून घेतली, आजींना खिडकीकडे तोंड करून बसवलं, आधार क्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा) क्रमांक आणि खाते क्रमांक भरला, त्यांना डोळे मिचकवायला सांगितलं. दाखला झाला. आजी म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय?"

काम तिथं संपलं असतं. पण आमच्या कार्यवाहांनी ते वहीत लिहिलं, आणि पंधरा दिवसांत त्याच शाखेची आणखी आठ नावं त्या पानावर आली. मग शाखा व्यवस्थापकांना पत्र गेलं. सोबत नऊ जणांचे हेलपाटे तारखांसह होते, आणि ज्येष्ठ ग्राहकांसाठी वेगळी खिडकी व सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यावी असं सांगणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख होता. आठवड्याभरात तिथं दोन खुर्च्या आल्या आणि एका कर्मचाऱ्याला चेहरा दाखवून दाखला काढायला शिकवलं गेलं.

मदत आणि मागणी ही संघाची दोन वेगळी खाती नव्हेत, हे मला त्या महिन्यात कळलं. एकेका सभासदाची अडचण नीट टिपली की मागणीचा पुरावा आपोआप तयार होतो. पुढं जे लिहितो आहे ते याच अंगानं. संघ नवा काढायचा असो की जुना जागा करायचा असो, क्रम हाच ठेवावा.

आधी कागद

कट्ट्यावर जमणारा गट नोंदणीशिवाय मजेत चालतो. हास्यक्लबला कोणी प्रमाणपत्र मागत नाही. पण सभासदाच्या वतीनं सरकारी दारात उभं राहायचं असेल तर नोंदणी लागते. सात जण एकत्र आले की संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही ती नोंदवावी लागते. 'एफ'नं सुरू होणारा क्रमांक मिळतो तो इथला.

याचा थेट उपयोग काय, ते सांगतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा जो २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम ५ प्रमाणे ज्येष्ठाला स्वतः अर्ज करणं जमत नसेल तर त्यानं अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. संस्था म्हणजे १८६० च्या किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली नोंदलेली स्वयंसेवी संघटना. नोंदणी नसेल तर अंथरुणाला खिळलेल्या सभासदाच्या वतीनं संघ म्हणून अर्जच करता येत नाही.

नोंदणीनंतर बहुतेक संघांची गाडी एकाच ठिकाणी अडते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, आणि तो राहून जातो. मग बँक सह्या बदलून देत नाही, अनुदानाचा अर्ज अडतो, आणि दफ्तरात पाहावं तर अध्यक्ष अजून दहा वर्षांपूर्वीचे, त्यातल्या दोन पदाधिकाऱ्यांच्या तर वर्षश्राद्धाला आपण जेवून आलेलो. निवडणूक झाली त्याच आठवड्यात इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत काढून अर्ज द्या. हिशेब दरवर्षी तपासून घ्या. एवढं केलं की कागदाची बाजू पुरेशी झाली.

सभासदाचं कार्ड

बहुतेक संघांकडे सभासदांची यादी असते. तीत नाव, पत्ता, फोन आणि वर्गणीची पावती एवढंच. त्याऐवजी प्रत्येकासाठी एक कार्ड करा. त्यावर जन्मतारीख लिहा, तीही कागदपत्रावरची, कारण सांगण्यातली आणि कागदावरची तारीख पुष्कळदा वेगळी असते. घरात सोबत कोण, मजला कितवा, लिफ्ट आहे का, ऐकू-दिसायला कसं, निवृत्तिवेतन कुठलं, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, हे टिपा. शेजाऱ्याचा नंबर जरूर घ्या. मुलगा परदेशात असेल तर रात्री दोन वाजता त्याच्या नंबरचा उपयोग नसतो.

आधारची झेरॉक्स मात्र संघाच्या कपाटात ठेवू नका, पासबुकाचीही नको. मला हे उशिरा सुचलं. आमच्याकडे एका खोक्यात कित्येक जणांच्या झेरॉक्स वर्षानुवर्षं पडून होत्या आणि त्या खोलीची किल्ली चहावाल्याकडेही होती. सगळ्या फाडून टाकल्या.

जन्मतारखेला एवढं महत्त्व का? कारण 'ज्येष्ठ' कोण याचं उत्तर प्रत्येक दारात वेगळं आहे. २००७ च्या कायद्यात वय ६०. राज्याच्या धोरणातही आधी ६५ होतं ते २०१८ मध्ये ६० झालं. एसटीत अर्धं तिकीट मात्र ६५ ला आणि पूर्ण मोफत प्रवास ७५ ला, तोही ऑगस्ट २०२२ पासून. श्रावणबाळ योजना आणि मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ ला. आयुष्मान वय वंदना कार्ड ७० ला. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना ८० वर्षं पूर्ण झाल्यावर वीस टक्के जादा निवृत्तिवेतन सुरू होतं, आणि ऐंशीपुढच्यांना हयातीचा दाखला नोव्हेंबरची वाट न पाहता १ ऑक्टोबरपासून देता येतो. घरून मतदान ८५ च्या पुढे. २०२४ पूर्वी ही अट ८० ची होती.

ही पायऱ्यांची उतरंड कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि राहावी तरी का. जानेवारीत कार्डं चाळायची, या वर्षी कोण ६५, ७०, ७५, ८० चं होतंय ते काढायचं, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रात एक चिठ्ठी घालायची: "आता तुम्हाला हे मिळतं, हे कागद घेऊन बुधवारी या." गुलाबाच्या फुलापेक्षा ही चिठ्ठी जास्त जपून ठेवली जाते, असा अनुभव आहे.

बुधवारची खिडकी

सभासदांच्या अडचणी ऐकायला आठवड्यातून एक दिवस, दोन तास, ठरलेली जागा. वार बदलायचा नाही. बसणारे दोघं असावेत, त्यातला एक निवृत्त कारकून असला तर सोन्याहून पिवळं. साहेब म्हणून निवृत्त झालेल्यांना फायली कुठून कुठं जातात हे ठाऊक नसतं. त्यांच्यापुढं त्या फक्त सहीसाठी यायच्या.

समोर एक जाड वही. रकाने सात: तारीख, नाव, अडचण सभासदाच्याच शब्दांत, कार्यालय, कमी पडणारा कागद, केलेलं काम, पुढची तारीख. शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नये. तो रिकामा राहिला की प्रकरण मेलं म्हणून समजा.

खिडकीवर येणारं काम फार मोठं नसतं. निम्म्याहून अधिक वेळा नावाचा घोळ असतो. आधारवर 'लक्ष्मीबाई', निवृत्तिवेतनाच्या कागदावर 'लक्ष्मी', शिधापत्रिकेवर माहेरचं नाव. हा घोळ सगळ्यात आधी मिटवावा, कारण पुढच्या प्रत्येक अर्जाला तो आडवा येतो. मग वारसनोंद, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला.

योजनांपैकी तीनच पाठ ठेवा, बाकीच्या गरज पडेल तशा शोधता येतात. पहिली श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना: ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिना १,५०० रुपये, अर्ज तहसील कार्यालयात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. ज्या घरात दोन वेळची चूल पेटते ते घर या मर्यादेत बसवणं हा एक चमत्कारच असतो, आणि तो चमत्कार तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना माहीत असतो. ही मर्यादा वाढवून घेणं ही कुठल्याही संघाच्या मागणीपत्रातली पहिली ओळ असायला हवी, असं माझं मत.

दुसरी मुख्यमंत्री वयोश्री योजना: २०२४ पासून, ६५ वर्षांवर, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरपट्टा अशा वस्तूंसाठी. तिसरी सत्तरीपुढचं आयुष्मान वय वंदना कार्ड: ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार. इथं लोकांचा एक गैरसमज दूर करावा लागतो. घरात सत्तरीपुढचे नवरा-बायको दोघं असतील तर पाच लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत. आणि कार्ड निघालं म्हणजे कुठल्याही रुग्णालयात चालेल असंही नाही. जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे, तिथं गुडघ्याची किंवा मोतिबिंदूची शस्त्रक्रिया होते का, हे दुखणं यायच्या आधी विचारून भिंतीवर लावून ठेवावं.

खिडकीवर बसणाऱ्यांसाठी आमचे दोन नियम आहेत. सभासदाचा ओटीपी आपण वाचायचा नाही, त्यानं स्वतः वाचून स्वतः भरायचा, वेळ लागला तरी. आणि कुणाचं एटीएम कार्ड, कोऱ्या सहीचा चेक सांभाळायला घ्यायचा नाही, माणूस कितीही विश्वासातला असो. याच खिडकीवर 'डिजिटल अरेस्ट'चे, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून अटकेची भीती घालत पैसे उकळणारे, फोन आल्याच्या तक्रारी येतात. घाबरलेल्या माणसाला उपदेश नको असतो. त्याच्यासमोर बसून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला फोन लावून द्यायचा. पैसे गेल्यावर पहिले काही तास मोलाचे. संघ बंद असताना कुठं फोन करायचा, तर १४५६७. ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ चालते. हा नंबर कार्डाच्या मागं मोठ्या अक्षरात छापा.

घरातली तक्रार आली तर

हा भाग सगळ्यात नाजूक. खिडकीवर कुणी सरळ सांगत नाही की सून जेवायला देत नाही किंवा मुलगा अंगावर धावून येतो. "वृद्धाश्रमाचा फॉर्म मिळतो का हो इथं?" असा सहज विचारल्यासारखा प्रश्न येतो. किंवा माणूस सकाळी कट्ट्यावर येतो तो अकरा वाजले तरी घरी जायचं नाव घेत नाही. असं दिसलं की त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं.

आधी ऐकून घ्या. ज्येष्ठाला नेमकं काय हवं आहे ते त्याच्याच तोंडून येऊ द्या. खोली हवी, औषधाचे पैसे हवेत, की मुलानं नुसतं बोलावं एवढंच हवं आहे? आपल्याकडं दहातले आठ जण म्हणतात, "तक्रार नको, तुम्ही फक्त त्याला समजावा." तेव्हा घरी दोघांनी जावं, एकट्यानं कधीच नाही, आणि त्यातली एक बाई असावी. मुलाची बाजूही ऐकावी. त्याचा हप्ता, त्याच्या बायकोची नोकरी, आजारपणात जागून काढलेल्या रात्री. काही घरांत खरोखर दोन्हीकडून ओढाताण असते. जे ठरेल ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात: महिन्याला किती रुपये, कुठल्या तारखेला, दवाखान्यात कोण नेणार. या गोष्टी कट्ट्यावर पोहोचता कामा नयेत. ज्या संघात त्या पोहोचतात, तिथं दुसरी तक्रार येत नाही.

पण समजावणीला मुदत हवी. आम्ही एक महिना धरतो. मारहाण असेल, औषध बंद केलं असेल, घराबाहेर काढलं असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. सरळ पोलीस ठाणं. ज्येष्ठाला सोडून देणं हा २००७ च्या कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

बाकीच्या प्रकरणांत रस्ता निर्वाह न्यायाधिकरणाचा, म्हणजे व्यवहारात प्रांत कार्यालयाचा. अर्जाला वकील लागत नाही. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात यांच्याकडून आई-वडील निर्वाह मागू शकतात, आणि आई-वडील असतील तर त्यांना साठीची अटही नाही. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाला, त्याची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा पुढं जाणार आहे, त्याच्याकडे मागता येतं. न्यायाधिकरण आधी समेटासाठी प्रकरण पाठवू शकतं. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, फार तर आणखी ३० दिवस. कायद्यातली निर्वाहाची कमाल रक्कम महिना १०,००० रुपये आहे. निकाल मान्य नसेल तर ज्येष्ठाला साठ दिवसांत अपील करता येतं.

संघानं इथं काय करायचं? अर्जाला लागणारे कागद जमवायचे: वयाचा पुरावा, नात्याचा पुरावा, औषधांची बिलं, महिन्याच्या खर्चाचा एका पानाचा तक्ता. तारखेला सोबत जायचं, आणि तारीख वहीत टिपायची. कायदेशीर सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. संघातल्या निवृत्त वकिलानं हौसेनं प्रकरण हातात घ्यावं, याच्या मी विरोधात आहे. हरलं तर कट्टा तुटतो.

घर मुलाच्या नावावर करण्याबद्दल तर दर वर्षी एक बैठक ठेवाच. त्याच २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे 'सांभाळ करीन' या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. पण डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. जानेवारी २०२५ मधल्या दुसऱ्या निकालात न्यायालयानं कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे लावला आणि आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं. तिथं सांभाळाचं लेखी वचनपत्र होतं. सभासदांना सांगायचं ते एकच वाक्य: बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळाची अट त्याच दस्तात लिहून घ्या. आणि त्याहून बरं म्हणजे, मृत्युपत्र करा. ते जिवंतपणी कितीदाही बदलता येतं.

निवेदन कसं लिहावं

निवेदन देतानाचा फोटो पेपरात आला की काम झालं असं मानणारे संघ पुष्कळ आहेत. हार, शाल, पाच जणांचं शिष्टमंडळ, एका कागदावर चौदा मागण्या. ज्या अधिकाऱ्याला तो कागद मिळतो, त्याच्या हातात त्या चौदांपैकी फार तर दोन असतात. तो कागद पुढं 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' जातो आणि परत येत नाही.

एक प्रश्न, एक कार्यालय, एक पान. उदाहरणादाखल आमचंच एक पत्र:

"विषय: बसस्थानकासमोरील रस्त्यावर पायी ओलांडण्याचे पट्टे मारण्याबाबत. महोदय, बसस्थानकासमोर पट्टे पुसले गेले आहेत. गेल्या चार महिन्यांत आमच्या तीन सभासदांना तेथे दुचाकीची धडक बसली (तारखा व उपचाराच्या चिठ्ठ्यांच्या प्रती सोबत). पट्टे पुन्हा मारावेत व स्थानकाच्या दारापाशी गतिरोधक करावा, ही विनंती. काम कोणत्या तारखेपर्यंत होईल ते कळवावे. आम्ही १५ तारखेला आपली भेट घेऊ."

यात ज्येष्ठांनी देशासाठी काय केलं, याचा एक शब्दही नाही. तारखा आहेत, पुरावा आहे, मागणी मोजता येण्यासारखी आहे, आणि आपण पुन्हा येणार हे आधीच सांगितलंय. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आवक क्रमांक घ्या, आणि १५ तारखेला खरंच जा.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. राज्यात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, अर्ज १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर. अर्ज संघाच्या लेटरहेडवर करू नका. हा अधिकार नागरिकाला आहे, म्हणून एखाद्या सभासदाच्या नावानंच करा. "पट्टे का मारले नाहीत?" असं विचारू नका, कारण 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. "आमच्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी" असं मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं की पहिलं अपील. अनुभव असा की पुष्कळदा माहिती येण्याआधी कामच होतं.

जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जाता येतं, पण तिथं तक्रार वैयक्तिक लागते. म्हणून संघाचं निवेदन घेऊन जाण्याऐवजी ज्याचं निवृत्तिवेतन अडलंय त्यालाच अर्ज करायला लावा आणि आपण शेजारी उभे राहा.

गावाबाहेरचे प्रश्न

काही प्रश्न गावात सुटत नाहीत. रेल्वेत पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि महिलांना ५८ नंतर ५० टक्के सवलत होती. ती २० मार्च २०२० पासून बंद झाली. साथ गेली, सवलत परत आली नाही. ईपीएफच्या (कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या) निवृत्तिवेतनाची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर आहे. यासाठी जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या महासंघाशी संलग्न व्हावं; महाराष्ट्रात 'फेस्कॉम' आहे, देशपातळीवर 'आयस्कॉन'. संलग्नतेची वर्गणी भरून गप्प बसू नये. आपल्या वहीतल्या नोंदी त्यांना द्याव्यात. "सवलत बंद झाल्यामुळे आमच्या इतक्या सभासदांनी तपासणीसाठी शहरातल्या रुग्णालयात जाणं कमी केलं" हे वाक्य खासदाराच्या हातात पडलं तर ते त्याला सभागृहात वापरता येतं. "सवलत मिळालीच पाहिजे" हे त्यानं आधीच शंभरदा ऐकलेलं असतं.

संघटनेची ताकद कुठवर जाते याचा एक जुना दाखला आहे. सुधारित निवृत्तिवेतनाचा लाभ ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त झालेल्यांनाच, असं सरकारनं ठरवलं होतं. त्याविरुद्धच्या नाकरा खटल्यात तिसरा याचिकाकर्ता एक नोंदणीकृत संस्था होती, 'कॉमन कॉज'. ज्या म्हाताऱ्यांना स्वतः कोर्टाची पायरी चढणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी ती उभी राहिली, आणि सर्वोच्च न्यायालयानं तिचं उभं राहणं मान्य केलं. १७ डिसेंबर १९८२ ला निकाल लागला: निवृत्तिवेतन ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे. देशभर १७ डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारक दिन पाळतात तो यामुळे.

निवडणुकीच्या दिवसांत एक पथ्य पाळा. सगळ्या उमेदवारांना बोलवा किंवा कुणालाच नको. ८५ पुढच्यांना घरून मतदान हवं असेल तर अधिसूचनेपासून पाच दिवसांत १२-डी अर्ज द्यावा लागतो, त्याची यादी कार्डांवरून आधीच काढून ठेवा.

जे येतच नाहीत ते

सगळ्यात मोठी उणीव आमच्याच घरची. आमच्या यादीत निवृत्त शिक्षक, बँकवाले, सरकारी नोकर भरलेले. हमाल, शेतमजूर, घरकाम केलेल्या बाया जवळजवळ नाहीत. वर्गणी हे कारण नव्हतंच. "तिथं सगळे साहेब असतात" हे होतं. वर्गणी माफ करून फरक पडला नाही. खिडकी महिन्यातून एकदा त्यांच्या वस्तीतल्या समाजमंदिरात नेली, तेव्हा पडला. पहिल्या दिवशी एवढे अर्ज आले की आमचा निवृत्त कारकून संध्याकाळी हात झटकत बसला होता.

बायका सभासद असतात, पण कार्यकारिणीत हळदीकुंकवापुरत्या. सकाळची वेळ त्यांना जमत नाही. नातवंडांची शाळा, स्वयंपाक. आम्ही दुपारी चारची वेळ केली.

आणि अंथरुणाला खिळलेले. पाच सभासदांमागे एक अशी फोनसाखळी केली आहे, रोज सकाळी दहाच्या आत एक फोन. दोनदा उचलला नाही तर शेजाऱ्याला, तिथूनही कळलं नाही तर कुणीतरी जाऊन दार वाजवायचं. बहुतेक वेळा माणूस अंघोळीला गेलेला असतो आणि आपल्यावर चिडतो. एकदा तसं नव्हतं. न्हाणीघरात पडलेल्या काकू दीड तासच ओल्या फरशीवर होत्या म्हणून नुसत्या खुब्यावर निभावलं. एकट्या राहणाऱ्यांची नावं पोलीस ठाण्यातल्या यादीत आहेत का, तेही विचारून घ्या. नसतील तर लेखी द्या.

आमच्या विषयपत्रिकेवर आता पहिला विषय वही असतो. मागच्या महिन्यातल्या ज्या प्रकरणांची 'पुढची तारीख' उलटून गेली ती वाचायची, आणि ज्याच्याकडे ती होती त्यानं उभं राहून सांगायचं. सहल शेवटी. यंदाची अजून ठरलेली नाही.